गूगल उघडते, मग जीएसटी का उघडत नाही?

बँकेत रुजू झालो तेव्हा आमच्या शाखेत संगणक नव्हता. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये शाखांच्या यांत्रिकीकरणाची शिफारस केली, पण ती यंत्रे टेबलावर येईपर्यंत आम्ही दिवसअखेरची खतावणी हातानेच जुळवत असू. नावे आणि जमा यांत फरक आला की घरी जाता येत नसे. अशा वेळी आमचे जुने हेडक्लार्क प्रथम त्या फरकाला नऊने भाग जातो का, ते पाहात. भाग गेला, तर कुठेतरी ७२ च्या जागी २७ लिहिले गेले असणार. मग फरकाची निम्मी रक्कम शोधत; ती सापडली, तर नावेची नोंद जमेला पडली असणार. ते म्हणत, "फरक शोधायला धावू नका. फरक कुठे कुठे नाही, ते आधी ठरवा." एकेक खातेवही तपासून बाजूला ठेवली जाई आणि शेवटी उरलेल्या वहीत चूक सापडे.

संगणकशास्त्राचे कोणतेही शिक्षण मी घेतलेले नाही. गेल्या जुलैमध्ये साडूंच्या घरी जो प्रसंग उद्भवला, त्यात मला कामी आली ती हीच खतावणीची पद्धत.

निवृत्तीनंतर आम्ही उभयता कर्जतजवळच्या ठाकुरवाडीत लहानसे घर घेऊन राहतो. कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यात ठाकर समाजाच्या वस्तीवरून नाव पडलेल्या ठाकुरवाड्या एकाहून अधिक आहेत, त्यामुळे पत्ता सांगताना नेहमीच जास्तीचे दोन शब्द खर्चावे लागतात. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जत स्थानकात मागून जी जादा इंजिने जोडतात, त्यांनाही रेल्वेच्या भाषेत 'बँकर' म्हणतात. त्यावरून मित्रमंडळी माझी थट्टा करतात, की निवृत्त बँकर कर्जतला आला, आता मागून ढकलण्याचेच काम उरले. ती थट्टा मला आवडते.

साडूंचे कर्जतच्या बाजारात लोखंड, सिमेंट आणि पत्र्यांचे दुकान आहे. या भागात शेतघरे व बंगले उभे राहू लागल्यापासून व्यवसाय वाढला आणि त्याबरोबर उधारीही वाढली. दुकानाचा हिशेब माझी मेहुणी घरच्या संगणकावर ठेवते. ठाकुरवाडीतील त्यांचे घर आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

१८ जुलैला, संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपून मी ओट्यावर बसलो होतो. पाऊस कोसळत होता. मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, जरा येता का? गूगल उघडतंय, यूट्यूब उघडतंय, पण जीएसटी काही उघडत नाही. चार दिवस झाले. आणि इकडे घरात फार तापलंय." शेवटचे वाक्य तिने हळू आवाजात उच्चारले. मी छत्री घेऊन निघालो.

तापण्याचे कारण व्यापारी वाचकांच्या लगेच ध्यानात येईल. विक्रीचा तपशील देणारे मे महिन्याचे जीएसटीआर-१ वेळेवर गेले होते. अडले होते ते ३बी. एका मोठ्या कंत्राटदाराकडची येणी थकल्याने मे महिन्याचा कर भरण्यास पैसे नव्हते आणि कर भरल्याविना ते विवरणपत्र दाखल होत नाही. त्याची मुदत २० जूनला उलटली. आता जूनची मुदत २० जुलैला संपत होती, आणि मागच्या महिन्याचे दाखल केल्याशिवाय पुढच्याचे घेतले जात नाही. लागोपाठ दोन महिन्यांची विवरणपत्रे राहिली, की नियम १३८ ई प्रमाणे त्या व्यापाऱ्याला बाहेर जाणाऱ्या मालासाठी ई-वे बिल काढता येत नाही. आपल्या राज्यात राज्यांतर्गत वाहतुकीसाठी एक लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ही अट नाही. पण सळयांचा एक ट्रक एक लाखात कुठला बसतो? म्हणजे २० तारखेनंतर एकाही मोठ्या बांधकामावर माल पाठवता आला नसता. अडकलेली येणी १४ जुलैला खात्यात आली, आणि त्याच दिवसापासून संकेतस्थळ उघडेना.

मी पोहोचलो तेव्हा साडू संगणकासमोर बसून मोबाइलवर कोणाशी तरी बोलत होते. मेहुणी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भाचा, जो यंदा बारावीला आहे, कोपऱ्यात पुस्तक उघडून बसला होता. मात्र पान उलटत नव्हता. पडद्यावर काहीतरी उतरवून घेण्याचे काम सुरू होते.

"भाऊसाहेब, बसा. जीएसटीच्या मदत केंद्राशी बोलतोय. ते एक ॲप टाकायला सांगताहेत, मग तिकडूनच दुरुस्त करतील," साडू म्हणाले.

"हा नंबर कुठे मिळाला?"

"नेटवर शोधला. पहिलाच आला."

मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. एका भल्या माणसाचा असा अपमान करणे मला आवडले नाही, पण दुसरा मार्ग नव्हता. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत असे किती खातेदार माझ्या टेबलासमोर येऊन बसले, त्यांची गणती नाही. दूर बसलेल्या माणसाच्या हाती आपला पडदा देणारे ॲप एकदा चालू केले, की तो आपण काय टंकतो ते पाहू शकतो आणि आपल्या संगणकावर स्वतःही काम करू शकतो. शोधयंत्रात वरच आलेला 'मदत केंद्रा'चा क्रमांक खरा असेलच, असे मुळीच नाही. पैसे देऊन जाहिरात वर आणता येते. क्रमांक घ्यायचा तो मूळ संकेतस्थळावरून, पासबुकावरून किंवा कार्डाच्या पाठीवरून. पैसे गेलेच, तर तत्क्षणी १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत ते पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता सर्वाधिक असते. सुदैवाने ते ॲप अजून पूर्ण उतरले नव्हते. ते रद्द केले.

साडूंचा राग आता दुसरीकडे वळला. "हिला मी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, हिशेब खोपोलीच्या सल्लागाराकडे देऊन टाक. घरात बसून हे होत नसतं." मेहुणी काही बोलली नाही. बावीस वर्षे तिने त्या दुकानाचा पै-पैचा हिशेब ठेवला आहे. मला ते वाक्य लागले. तिला किती लागले असेल, ते तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

"साइटच बंद असेल, २० तारीख जवळ आली की असंच होतं, असं वाटून चार दिवस थांबले, ही माझी चूक," इतकेच ती म्हणाली.

तिची समजूत अगदी अनाठायी नव्हती. मुदत जवळ आली की त्या संकेतस्थळावर गर्दी होते, हे सर्वांनी अनुभवले आहे. पण गर्दीने मंदावणे वेगळे आणि चार दिवस, पहाटेसुद्धा, अजिबात न उघडणे वेगळे.

मी विचारले, "पडद्यावर नेमके काय येते?" दोघेही म्हणाले, "एरर येतो."

येथे मला थोडे विषयांतर करावेसे वाटते. चेक परत आला की बँक त्यासोबत कारणाची चिठ्ठी जोडते. शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, तारीख उलटली, खातेदाराने पैसे देणे थांबवले. प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा. तरीही दहातले आठ ग्राहक काउंटरवर येऊन "चेक बाउन्स झाला" इतकेच सांगत आणि चिठ्ठी मात्र घरी ठेवून येत. संगणकाच्या पडद्यावर येणारे इंग्रजी वाक्य ही तीच चिठ्ठी आहे. 'पत्ता सापडला नाही' अशा अर्थाचे वाक्य आले, तर दोष नाव व पत्ता जुळवणाऱ्या यंत्रणेत. 'उत्तर येण्यास फार वेळ लागला' असे आले, तर वाटेत काहीतरी अडले आहे. 'तुमची जोडणी खासगी नाही' असे आले, तर प्रमाणपत्राचा किंवा घड्याळाचा प्रश्न. आणि 'प्रवेश नाकारला' असे आले, तर आपण दारापर्यंत सुखरूप पोहोचलो आहोत, पण आतल्या पहारेकऱ्याने आपल्याला पाहून नकार दिला आहे.

साडूंच्या पडद्यावर शेवटचे वाक्य होते. ॲक्सेस डिनाइड.

तरीही मी ठरवले, की अंदाजाने उडी मारायची नाही. मेहुणीचा मोबाइल घरच्याच वाय-फायला जोडलेला होता. त्यावर जीएसटीचे संकेतस्थळ उघडून पाहिले. उघडले. म्हणजे संकेतस्थळ ठीक, घरात येणारी तार ठीक, राउटरही ठीक. तीन वह्या एकदम बाजूला झाल्या. मग उलट करून पाहिले. संगणक वाय-फायवरून काढून माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला. तरी तेच वाक्य. याचा अर्थ दोष संगणकाच्या आतच. मग त्याच संगणकावरचा दुसरा ब्राउझर, जो कोणीच कधी वापरत नाही, तो उघडला. त्यात जीएसटीचे पान झटकन आले!

"मग याच्यातच भरू की आत्ता," साडू म्हणाले. त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. पण मी म्हटले, "दहा मिनिटे द्या. या दुसऱ्या ब्राउझरमध्ये उद्या बँकेचे पान उघडाल, आणि पहिल्यात काय बसले आहे, ते कळायचेच नाही."

"बँकेचंही उघडत नाहीये," मेहुणी म्हणाली. "आणि भाऊजी, हसू नका, पण आठवडाभर यूट्यूबवर भलत्याच भाषेतल्या जाहिराती येताहेत. डच का काय ती. मला वाटलं, नवीन काहीतरी निघालं असेल."

हसण्यासारखे त्यात काहीच नव्हते. सगळ्या प्रकरणाची किल्ली तिच्याच हाती होती. जाहिरात दाखवणाऱ्या कंपन्या पाहणारा कोणत्या देशात आहे, ते ओळखून जाहिरात लावतात. ठाकुरवाडीतल्या संगणकाला डच जाहिराती येतात, याचा अर्थ तो संगणक जगाला नेदरलँड्समध्ये बसलेला दिसतो आहे. मी ब्राउझरची खासगी खिडकी, ज्याला इन्कॉग्निटो म्हणतात, ती उघडली. तिच्यात ब्राउझरला लावलेली जादा उपकरणे, म्हणजे एक्स्टेन्शन, आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. जीएसटी उघडले. बँकही उघडली. आता फक्त एक वही शिल्लक राहिली होती.

एक्स्टेन्शनच्या यादीत तीन नावे होती. त्यांतले एक हिरव्या ढालीचे चिन्ह असलेले फुकट व्हीपीएन होते.

कोपऱ्यातून आवाज आला. "काका, ते मी टाकलंय. १३ तारखेला. एक सिरीयल इथे दिसत नाही, म्हणून."

खोलीत क्षणभर शांतता पसरली. साडू काही बोलण्याआधी मी भाच्याला जवळ बोलावले आणि ते त्यालाच काढायला लावले. त्याने ते काढले, ब्राउझर बंद करून पुन्हा चालू केला, आणि जीएसटीचे पान समोर आले.

व्हीपीएन म्हणजे आपली प्रत्येक मागणी आधी तिसऱ्याच ठिकाणच्या संगणकाकडे पाठवून तेथून पुढे धाडण्याची व्यवस्था. कचेऱ्या घरून काम करणाऱ्यांसाठी तिचा रास्त उपयोग करतात. पण समोरच्या संकेतस्थळाला ती मागणी त्या तिसऱ्या ठिकाणाहून आल्यासारखी दिसते. अनेक सरकारी संकेतस्थळे आणि काही बँका परदेशातून येणाऱ्या मागण्या सुरक्षिततेसाठी नाकारतात. गूगल आणि यूट्यूब यांना मात्र ग्राहक कोणत्या देशातून आला, याचे सोयरसुतक नसते. ते उघडतात आणि आपली दिशाभूल होते. आपल्यापैकी ज्यांची मुले दुबईत, अँटवर्पमध्ये वा अमेरिकेत आहेत, त्यांना 'तिकडून इकडची सरकारी साइट उघडत नाही' ही तक्रार परिचित असेल. ठाकुरवाडीत बसून आम्ही तीच तक्रार ओढवून घेतली होती. २०२२ मध्ये भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने व्हीपीएन पुरवणाऱ्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्यास सांगितले. त्यानंतर अनेक परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. म्हणून आता असे काही चालू केले, की आपण बहुधा परदेशातच जाऊन पडतो.

मला अधिक चिंता वेगळ्याच गोष्टीची होती. असे एक्स्टेन्शन बसवताना ते एक परवानगी मागते: तुम्ही ज्या ज्या संकेतस्थळांना भेट द्याल, तेथील सर्व माहिती वाचण्याची आणि बदलण्याची. भाच्याने, आपण सगळेच करतो त्याप्रमाणे, न वाचता होकार दिला होता. १३ तारखेपासून त्या ब्राउझरमध्ये दुकानाचे ईमेल उघडले गेले होते. त्या एक्स्टेन्शनने काही वाचले की नाही, हे सांगणे माझ्या आवाक्याबाहेरचे. पण किल्ली हरवली की चोरी झाली का, हे पाहात न बसता कुलूप बदलायचे असते. ईमेल, बँक आणि जीएसटी या तिन्हींचे पासवर्ड मेहुणीने त्याच रात्री आपल्या मोबाइलवरून बदलले.

विवरणपत्रांकडे वळण्याआधी वाचकांसाठी इतर काही दोष सांगतो. प्रत्येक घरात दोष व्हीपीएनचाच निघेल असे नाही, आणि हा लेख वाचून कोणी उगाच भाच्याला धारेवर धरू नये.

माझ्याच घरचा अनुभव पाहा. पावसाळ्यात विजांच्या भीतीने मी रोज रात्री मुख्य बटण बंद करतो. विजेची जोडणी असेपर्यंत संगणकाचे घड्याळ त्या विजेवर चालते; ती तोडली की आतल्या एका चपट्या गोल सेलवर. त्याचा क्रमांक २०३२, कारण त्याचा व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. माझा सेल संपला आणि एका सकाळी संगणक २०१४ साल दाखवू लागला. एकही कुलूपबंद संकेतस्थळ उघडेना. कारण प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक प्रमाणपत्र असते आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असे छापलेले असते. १ एप्रिल २०१२ पासून चेक तीन महिन्यांनी शिळा होतो, आणि पुढच्या तारखेचा चेक आज वटत नाही, अगदी तसेच. माझ्या संगणकाला आजची सर्व प्रमाणपत्रे पुढच्या तारखेची वाटत होती. घड्याळ वर्षानुवर्षे मागे गेले तर असे सगळेच बंद होते. पण ते काही आठवडेच मागे असेल, तर मौज होते: ज्यांची प्रमाणपत्रे जुनी आहेत ती संकेतस्थळे उघडतात, नुकतीच नवी घेतलेली मात्र उघडत नाहीत, आणि माणूस बुचकळ्यात पडतो. या प्रमाणपत्रांची कमाल मुदत २०२० पासून ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवसांवर आणि २०२९ पर्यंत टप्प्याटप्प्याने ४७ दिवसांवर येणार, असे ठरले आहे. तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे सर्वांत आधी पाहण्याची सवय लावावी. नवा सेल चहा-नाश्त्याच्या खर्चात येतो.

जुना संगणक हा निराळाच विषय आहे. आपल्या अनेक दुकानांत हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर आणि खडखडणारा डॉट मॅट्रिक्स छापयंत्र यांच्यापायी विंडोज ७ अजून जपून ठेवलेले असते. त्याचा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोम ब्राउझरची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ वी. त्यानंतरच्या आवृत्त्या २०२३ पासून त्यावर बसत नाहीत. विंडोज १० चा पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. संकेतस्थळे आपली कुलपे बदलत राहतात, जुन्या यंत्राजवळ नव्या किल्ल्या नसतात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी जगभर वापरात असलेल्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा अद्ययावत न केलेल्या कित्येक यंत्रांवर काल उघडणारी संकेतस्थळे अचानक उघडेनाशी झाली. ते यंत्र हिशेबासाठी खुशाल ठेवावे. बँकेसाठी मात्र वापरू नये.

पत्ता सापडत नसल्यास दोष डीएनएसचा असतो. आपण नाव टंकतो, पण यंत्रे आकड्यांचा पत्ता ओळखतात; नावावरून आकडा शोधून देणारी ही निर्देशिका. प्रारंभी तर जगातल्या सर्व जोडलेल्या संगणकांची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई आणि सगळे तिची प्रत उतरवून घेत. यादी आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आजची विभागलेली पद्धत आखली. त्या जुन्या यादीचा अवशेष म्हणून 'होस्ट्स' नावाची छोटी फाइल अजून प्रत्येक विंडोजमध्ये असते आणि ती आधी वाचली जाते. तिच्यात कोणी चुकीची ओळ घातली, तर तेवढेच एक संकेतस्थळ त्या संगणकावर चुकीच्या पत्त्याला जाते. इंटरनेट पुरवणाऱ्याची निर्देशिका बिघडली, तर घरातल्या सर्वच यंत्रांवर ठरावीक नावे उघडत नाहीत; अशा वेळी राउटरमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हे सार्वजनिक पत्ते घातले की बहुधा भागते.

पण निर्देशिका कोणीतरी मुद्दाम बदलली असेल तर? डीएनएस-चेंजर नावाच्या ट्रोजनने हेच केले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या कारवाईनंतर एस्टोनियात या टोळीला अटक झाली. १०० हून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणक ही टोळी आपल्या निर्देशिकेवर चालवत होती आणि त्यातून तिने किमान १ कोटी ४० लाख डॉलर कमावले होते. त्या खोट्या निर्देशिका एकदम बंद केल्या असत्या, तर लाखो लोकांचे इंटरनेट क्षणात थांबले असते. म्हणून न्यायालयाच्या आदेशाने त्यांच्या जागी खऱ्या निर्देशिका ९ जुलै २०१२ पर्यंत चालवल्या गेल्या. त्याआधी २००८ मध्ये आलेला कॉन्फिकर तर याहून धूर्त. तो विषाणूरोधक कंपन्यांची आणि मायक्रोसॉफ्टच्या अद्ययावतीकरणाची संकेतस्थळे तेवढी उघडू देत नसे, बाकी सर्व सुरळीत. आजही सगळे जग उघडते आणि फक्त विषाणूरोधकाचे संकेतस्थळ उघडत नाही, असे आढळले, तर त्या संगणकावर बँकेचा व्यवहार तत्काळ थांबवावा.

आणखी एक दोष फायबरच्या जोडणीत आढळतो. पान अर्धवट येते, चक्र फिरत राहते, पण ते काही ठरावीक संकेतस्थळांपुरतेच. माहिती १,५०० बाइटच्या खोक्यांत भरून जाते. लॉगिन करून मिळणाऱ्या काही जोडण्यांत वरचे ८ बाइट वेष्टनातच खर्ची पडतात, उरतात १,४९२. भरलेला ट्रक रेल्वेच्या पुलाखालून जाताना चार बोटे उंच ठरावा, तसे मोठे खोके तेथे अडते. 'लहान खोकी पाठवा' असा निरोप उलट जायला हवा. तो वाटेत कोणी अडवला, तर पाठवणाऱ्याला काही कळतच नाही. हा आकडा राउटरमध्ये बदलता येतो, पण ते काम तारवाल्या मुलाकडून करून घ्यावे.

कधी कधी दोष कोणाचाच नसतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली सरकार एखादे संकेतस्थळ बंद करू शकते. डिसेंबर २०१४ मध्ये ३२ संकेतस्थळे रोखली गेली, त्यांत प्रोग्रामर मंडळींचे गिटहब आणि चित्रफितींचे व्हिमिओही होते. २०२२ मध्ये घरोघरी वापरल्या जाणाऱ्या व्हीएलसी या प्लेयरचे संकेतस्थळ भारतात कित्येक महिने उघडत नव्हते; नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा सुरू झाले. अशा वेळी आपला संगणक उघडून बसण्यात अर्थ नाही.

बँकेचे पान उघडत नसेल, तर आणखी एक साधे कारण तपासावे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' या राखीव शेवटाखाली न्यावयाचे होते. हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्थाच ते पत्ते देते आणि बँकेव्यतिरिक्त कोणालाही ते मिळत नाहीत. ब्राउझरमध्ये जपून ठेवलेली जुनी खूण त्यामुळे निकामी झालेली असू शकते. निवृत्त माणसाने कौतुक करावे अशा गोष्टी कमी घडतात. ही त्यांतली एक. आता ग्राहकाला खरे-खोटे ओळखायला निदान एक ठसठशीत खूण मिळाली.

पुन्हा १८ जुलैच्या रात्रीकडे येतो. साडेआठला वीज गेली, नऊला आली. मेहुणीने आधी मे महिन्याचे विवरणपत्र दाखल केले. २१ जून ते १८ जुलै असे २८ दिवस, दिवसाला ५० रुपयांप्रमाणे १,४०० रुपये विलंब शुल्क. ते जूनच्या विवरणपत्रात आपोआप येऊन बसले. ४०,००० रुपये रोख कर होता, त्यावर १८ टक्क्यांनी २८ दिवसांचे व्याज ५५२ रुपये. तिने ते तोंडी सांगितले, मी कागदावर करून पाहिले, जुळले. साडेदहाला दुसऱ्या विवरणपत्राची पोच आली.

साडू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून स्वतः संगणकापाशी गेले आणि तिला म्हणाले, "त्या डच जाहिराती मला का नाही सांगितल्यास?"

"सांगितल्या होत्या," ती म्हणाली. "मंगळवारी. तुम्ही म्हणालात, यूट्यूब कशाला बघतेस."

भाच्याने पहिल्यांदाच पुस्तकातून मान वर केली. साडू त्याच्याकडे बघून हसले आणि मग आम्ही सगळेच हसलो. बाहेर पाऊस थांबला होता. सळयांचा ट्रक सोमवारी सकाळी नेरळच्या बांधकामावर गेला, ई-वे बिलासह. हिशेब अजून मेहुणीच ठेवते.